सुकतीच्या वेळा

मालवण, सोमवार, १३ जानेवारी २०२५ (पौष पौर्णिमा)

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. तिथून सहा तासांनी सुकती. म्हणजे आज पाचच्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं असणार आणि सूर्य सव्वासहाला बुडणार. मला हवा तो तास बरोबर या दोघांच्या मधला. पंचांग बघून कामाला निघणारे आमच्या वाडीत दोघेच, भटजी आणि मी.

दांडीच्या वाळूत ईझल रोवला. वारा खारा आणि जोराचा, म्हणून वाळू भरलेली पिशवी तिकाटण्याच्या मधोमध टांगली. समोर पद्मगड, त्यामागे सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली ती समुद्रावर नजर ठेवायला, चित्रकाराच्या सोयीला नव्हे. किनाऱ्यावरून दिसते ती एक लांबच लांब आडवी भिंत. दरवाजासुद्धा बुरुजांच्या वळणात लपवलेला. भरतीला ही भिंत नुसती पाण्यावर टेकलेली दिसते, चित्रात ती तरंगायला लागते. उधाणाच्या सुकतीला मात्र तिच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात, शेवाळ आणि कालवांचा काळपट पट्टा दिसतो आणि किल्ल्याला बूड मिळतं. म्हणून मी तो सुकतीलाच काढतो.

आकाशाचा वॉश, मग पाणी, मग खडक. सावल्या सुरुवातीलाच पेन्सिलीने पक्क्या केल्या. त्या सरकत राहतात, त्यांच्या मागे लागलं की चित्रात एका दुपारचे दोन सूर्य होतात. जाळं निवडत बसलेले एक काका उठून आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तरानू, होडयेक नांगर नाय घातलात. व्हावान जातली." रिगर ब्रशने दोर ओढला. होडी तेवढ्याने खरंच पाण्यावर बसली.

आंगणेवाडी, शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या भराडी देवीची जत्रा. तिची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. मग मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे धावतात. उद्या इथे लाखांनी माणूस असेल आणि ईझलला जागा नसेल. मला जत्रेपेक्षा तिच्या आदला दिवस आवडतो.

भात केव्हाच कापून झालेलं. मळ्यांत पिवळी खुंटं, त्यांवर बांबूंचे उभे-आडवे सांगाडे, काहींवर निळी-पिवळी ताडपत्री चढलेली, काही अजून उघडे. सुतार वर चढून सुतळी बांधतायत, खाली खाज्याच्या दुकानाची भट्टी मातीने लिंपली जातेय. फेब्रुवारीची हवा धुरकट असते, लांबचा डोंगर फिकट जांभळा होतो आणि जवळची ताडपत्री डोळ्यांत घुसते. ताडपत्रीचा निळा रंग आपल्या जुन्या लँडस्केपवाल्यांच्या पॅलेटवर नव्हता. त्यांची कोकणातली घरं कौलांची, गवताची. आज निळा पत्रा आणि निळं प्लॅस्टिक गाळून कोकण काढायचं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं कोकण आजची तारीख घालून विकणं. मी तो निळा घालतो, फक्त त्यात किंचित बर्न्ट सिएना टाकून त्याचा आवाज कमी करतो.

दोन माणसांनी वेगवेगळं येऊन विचारलं, तुमचा स्टॉल नेमका कुठला?

मालवण, रविवार, ९ मार्च

पैशांचं पान. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्यांना हॉलसाठी मोठं चित्र हवंय, पूर्ण इंपीरियल, २२ बाय ३० इंच. अट एकच: समुद्र निळा पाहिजे. "पाहुणे निळा समुद्र बघायलाच येतात हो."

मी नाही म्हटलं नाही. चित्रांवर घर चालतं तेव्हा 'नाही' हा शब्द जपून वापरावा लागतो. पण मनाने निळा ओतायचा नाही हीसुद्धा माझी अट. आमचा समुद्र पश्चिमेला. दुपारनंतर सूर्य समोर आला की पाणी रुपेरी, करडं, डोळे दिपवणारं. सकाळी नऊ-दहाला ऊन पाठीमागून येतं आणि मतलई वारा पडून खारा सुटायच्या मधल्या शांततेत पाणी खरोखरच निळं-हिरवं दिसतं, तळाच्या वाळूसकट. तेवढ्या वेळात जाऊन बसलो. गिऱ्हाईकाला निळा मिळाला आणि मला तो उसना आणावा लागला नाही. व्यावसायिक चित्रकाराचं निम्मं कौशल्य हेच, मागणी कोणत्या वेळी खरी ठरते ते शोधायचं.

बाकी हिशेब नेहमीचा. दर चौरस इंचावर. मुंबईत गॅलरीतून चित्र गेलं तर तिचं कमिशन वजा, ते तिसऱ्या हिश्श्याच्या खाली क्वचितच असतं. वर फ्रेम, काच, पॅकिंग, येण्याजाण्याचा खर्च. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाईकाला एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: चित्र काचेला चिकटू देऊ नका, मध्ये जाड माउंट घाला आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि एका श्रावणात आकाशभर बुरशीचे ठिपके उगवतात. त्या ठिपक्यांना कोणी तारे म्हणत नाही.

चिवला, मंगळवार, १८ मार्च

पहाटे रापण. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून आली, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन रांगा मागे रेलून ओढायला लागल्या. रांगांमधलं अंतर हळूहळू कमी होतं, जाळ्याचा फुगा जवळ येतो, वर घारी आणि कावळे जमतात. माणसं काढायला याहून चांगली आणि याहून वाईट संधी नाही. एकही जण स्थिर नाही, पण सगळे तेच करत असतात. त्यामुळे एकाचा हात, दुसऱ्याची पाठ आणि तिसऱ्याचे पाय घेऊन चौथा माणूस उभा करता येतो.

स्केचबुकात ओळीने वाकड्या पाठी काढत होतो. रांगेतल्या एका आजोबांनी हाक मारली, "चित्रां मगे काडा, आदी दोरी धरा." धरली. ओढताना कळलं की जोर दंडात नसतोच. टाच वाळूत रुतवून अख्खं अंग मागे टाकायचं, हात नुसते आकड्यासारखे. परत येऊन काढलेल्या माणसांच्या टाचा आधी काढल्या, डोकी शेवटी. ती माणसं आता ओढताना दिसतात, आधीची नुसती दोर धरून उभी होती.

जाळ्यात तारली जास्त, बांगडे थोडे. वाटे पडले. रापणीत दोरीला हात लावणाऱ्याला रिकामं पाठवत नाहीत. माझ्या रंगांच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत तारलीचा वास होता.

सावंतवाडी, गुरुवार, ३ एप्रिल

फ्रेमच्या लाकडासाठी आलो होतो, काम लवकर उरकलं. मोती तलावाच्या कठड्यावर बसून राजवाड्याकडची बाजू काढली. गावात चितारआळी आहे, लाकडी फळं-भाज्या रंगवणारे हात आहेत, राजवाड्यात गंजिफा रंगवतात. जलरंगातला मराठी माणसाचा मोठा गुरू याच गावात जन्मला हे मात्र तलावाकाठी भेळ खाणाऱ्या पाचांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मी विचारून पाहिलं.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२. इथून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, १९०८ साली स्वतःची चित्रसंस्था काढली, १९१८च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात त्यांचं 'ग्लो ऑफ होप' आहे: हातात समई घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडवा धरलेला तळवा आणि बोटांतून झिरपणारा उजेड. बघणारे पुष्कळदा ते रविवर्म्याचं समजतात. रविवर्म्याची कीर्ती तैलरंगाची, हे आहे जलरंगातलं. तैलरंगात उजेड वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद, तो पहिल्या हातापासून राखावा लागतो. एकदा रंग गेला की गेला.

समुद्रावरच्या चमचमाटाचं गणित हेच आहे. पाचच्या उन्हात लाटांवर जे चांदीचे तुकडे दिसतात ते पांढऱ्या रंगाने ठेवले तर खडूसारखे दिसतात. कोरडा ब्रश खरबरीत कागदावरून आडवा पळवायचा आणि दाणे कोरे सोडायचे. किती सोडायचे हे हळदणकरांसारख्यांना हाताने कळत असे. आम्ही जागेवर उभे राहून अजून शिकतोय. निघताना त्या पाच जणांना मोबाइलवर 'ग्लो ऑफ होप' दाखवलं. एक म्हणाला, "ह्यां तर आमच्या आजयेच्या घरात कॅलेंडरार होता."

सर्जेकोट, रविवार, २० एप्रिल (चैत्र वद्य सप्तमी)

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा वर्ग. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे अकराच्या आसपास सुकती, तीही भांगाची. पाणी फार हटत नाही, पण कोळंबच्या खाडीत चिखलाची कड उघडी पडते आणि ट्रॉलर जेटीला थोडे तिरपे टेकतात. मुलांना आल्याआल्या सूर्यास्त हवा होता. सूर्यास्त सगळ्यांना जमतो, असं सांगून चिखल काढायला बसवलं.

चिखल एका रंगाचा नसतो. ओल्या भागात आकाश पडतं, सुकलेला भाग राखेचा आणि मधल्या रेघेत जांभ्याची लाली. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोन रंगांत हे सगळं निघतं. प्रमाण बदलायचं एवढंच. कागद उन्हात धरू नका, हेही सांगितलं. उन्हातल्या पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, रंग गडद वाटतात, आणि घरी गेल्यावर चित्र फिकं पडलेलं दिसतं. छत्री स्वतःच्या डोक्यापेक्षा कागदावर धरायची.

एकाने विचारलं, फोटो काढून घरी पंख्याखाली केलं तर? त्याला फोनमधली जेटी आणि समोरची जेटी शेजारी शेजारी दाखवली. फोनमध्ये ट्रॉलरची सावली काळीभोर, तिच्या आतलं काही नाही. डोळ्याला त्याच सावलीत जाळ्याचा हिरवा ढीग, गंजलेली साखळी आणि वाकून बर्फ भरणारी बाई दिसत होती. शिवाय फोन त्या एका क्षणाचा असतो. दोन तास उभं राहिल्यावर कोणती गोष्ट जागेची आणि कोणती पाहुणी हे समजतं.

आबालाल रहिमान यांचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, कारण परीक्षेत येतं. ते जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारात होते, १९३१ साली गेले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी कोल्हापुरातच, कोटितीर्थाच्या आणि पंचगंगेच्या काठी तेच तेच पाणी काढण्यात घालवला. परीक्षेत हे येत नाही. मुलांना म्हटलं, तुमच्या घरापासून पायी जाता येईल असं तुमचं कोटितीर्थ शोधा.

मालवण, रविवार, ११ मे

इथल्या राजकोट किल्ल्यावर आज मुख्यमंत्री आले होते, शिवाजी महाराजांच्या नव्या पुतळ्याच्या पूजनासाठी. बंदोबस्त असल्यामुळे लांब वाळूत बसलो. ६० फुटी ब्राँझ. तिसऱ्या प्रहरी सूर्य त्याच्या मागे आला तेव्हा रंग उरलाच नाही, फक्त आकार, आणि त्या आकाराने अख्ख्या किनाऱ्याचं मोजमाप बदललं. आजवर या टोकावर सगळ्यांत उंच माड होते. चित्रात माड उंच की ठेंगणा हे शेजारी काय आहे त्यावर ठरतं. आजच्या चित्रात ते झुडपांसारखे दिसतात.

घरी येऊन याच जागेची जुनी स्केचेस काढून बसलो. एकात टोक सपाट, जुन्या कोटाचे थोडे अवशेष, गुरं. एक डिसेंबर २०२३चं: ४ तारखेला नौदल दिनी पहिला पुतळा उभा राहिला, त्यानंतरचं. एक ऑगस्ट २०२४च्या अखेरचं: २६ तारखेला तो कोसळला, नंतर पावसात नुसता चौथरा, भोवती पत्रे. त्यावर रंग घातलेला नाही, पेन्सिलच आहे. आणि आजचं. ही चारही मी कोणतंही मत मांडण्यासाठी काढली नव्हती. उभं राहायला जागा बरी होती म्हणून काढली. पण खाली तारीख घालायची सवय होती. आता चारही शेजारी ठेवली की ती नुसती लँडस्केप राहत नाहीत.

मुंबईच्या एका ओळखीच्या संग्राहकाने फोनवर त्यांतली दोन मागितली. चार एकत्रच जातील, सुटी देणार नाही, असं कळवलं.

मालवण, रविवार, २५ मे

मान्सून आज देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. केरळात कालच पोचला होता, तिथे त्याचा नेम १ जूनचा. आमच्याकडे जूनचा पहिला आठवडा उजाडल्याशिवाय त्याची वाट बघायची नसते. गेला आठवडाभर अरबी समुद्रातल्या कमी दाबाने झोडपलं, काल तो पट्टा रत्नागिरी-दापोलीच्या मधून जमिनीवर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ हा.

माझ्या धंद्याचा मे असा बुडाला. पर्यटक गाड्या भरून परत गेले, हातातली छोटी चित्रं तशीच राहिली. पण माझं रडगाणं जेटीवर कोणी ऐकून घेणार नाही. मासेमारीची बंदी १ जूनपासून, तोवरचे शेवटचे दिवस हे कमाईचे, तेच गेले. आंबेवाल्यांचा शेवटचा तोडा झाडावर भिजला. होड्या वर ओढून प्लॅस्टिक आणि चुडतांनी झाकायचं काम घाईघाईने चाललंय. एरवी ते सावकाश, गप्पा मारत होतं.

एका बंद टपरीच्या छपराखाली उभं राहून काढलं. आकाशाला इंडिगो आणि बर्न्ट अंबर, क्षितिजाजवळ एक फिकट हिरवट फट. हवेत इतकी ओल की पहिला वॉश वाळेचना. अशा वेळी वाळायची वाट बघण्यात अर्थ नसतो. ओल्यातच दुसरा रंग सोडला, ढगाची कड आपोआप फुटली. उन्हाळ्यात मला ती तशी कधीच जमली नसती. समोर होड्या ओढणाऱ्या माणसांच्या टाचा पुन्हा वाळूत रुतलेल्या. त्यांना काढायला आता विचार करावा लागला नाही.

मालवण, शनिवार, १२ जुलै

पेपरात मोठी बातमी. मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, पॅरिसच्या बैठकीत काल ठरलं. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आमच्या जिल्ह्याचे दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. सकाळपासून पडवीत बसून भिजलेला चिरा काढत होतो. उन्हाळ्यातला विटकरी जांभा पावसात जांभळट तपकिरी होतो, त्यावर शेवाळाचा हिरवा चढतो आणि पागोळ्यांच्या रेघेखाली तोच दगड जवळजवळ काळा. तीन हातांच्या अंतरात तीन रंग. किल्ल्याचा तटही असाच चिऱ्याचा आणि दगडाचा, आत्ता तोही असाच भिजत असणार. पण प्रवासी होड्या बंद आहेत आणि इथून तो दिसतो तो पावसाच्या पडद्यामागची एक करडी पट्टी एवढाच.

दुपारपासून फोन. ऑफिसच्या लॉबीसाठी, बँकेच्या भिंतीसाठी, नव्या बंगल्यासाठी, सगळ्यांना सिंधुदुर्ग हवाय, लवकर हवाय, आणि तिघांनी तर ड्रोनने वरून घेतलेला फोटो पाठवला, हा असा करून द्या म्हणून. वरून किल्ला सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण मी तिथे कधी उभा राहिलेलो नाही. तिथे मला वारा लागलेला नाही, नांगर नसलेली होडी दाखवणारा कोणी भेटलेला नाही, त्या उंचीवरून पाण्याचा रंग सकाळी काय आणि संध्याकाळी काय हे मला ठाऊक नाही.

सगळ्यांना एकच उत्तर दिलं. वारसा यादीत नाव लागल्याने किल्ल्याला घाई झालेली नाही, तुम्हीही करू नका. फोटोवरून चित्र करून देणारे पुष्कळ आहेत, माझ्यापेक्षा स्वस्तात आणि आठवड्यात देतील. माझ्याकडून हवं असेल तर पाऊस ओसरू द्या, सप्टेंबरात होड्या सुरू होऊ द्या आणि जमलं तर चित्र होत असताना दांडीला येऊन शेजारी उभे राहा. येण्याआधी तेवढी तिथी बघून या.